हाडाची पावडर, पडदा आणि रक्ताची जेली: आईच्या हलणाऱ्या दाढांसाठी यातलं काय उपयोगाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ५८, मधुमेह आहे, खालच्या दोन दाढा हलतात. एका दंतवैद्यांनी सांगितलं की हिरडी उघडून हाडाची पावडर भरू, वर पडदा घालू, त्यांच्याच रक्तातून काढलेली जेली ठेवू, हाड परत येईल. दुसऱ्यांनी सांगितलं, दाढा काढा आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचं धातूचं मूळ, लावा. भाऊ म्हणतो, जपानमध्ये दात पुन्हा उगवायचं औषध निघालंय, तोवर थांबू. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की मुलीचे दुधाचे दात स्टेम सेलच्या, म्हणजे इतर पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींच्या, बँकेत ठेवावेत का.

मी गेली २३ वर्षं हिरड्या आणि जबड्याचं हाड याचंच काम करतो. एक्सरे न बघता ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं सांगणार नाही. पण त्या एक्सरेत काय बघायचं ते सांगतो, म्हणजे दोघांपैकी कोणाचं कुठल्या दाढेला लागू आहे ते तुम्हालाच उमगेल. कदाचित दोघंही बरोबर असतील, एक एका दाढेबद्दल आणि दुसरे दुसऱ्या दाढेबद्दल.

सगळा खेळ खड्ड्याच्या आकाराचा आहे. हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचं हाड दोन तऱ्हांनी जातं. एका तऱ्हेत दाताच्या एका बाजूला विहिरीसारखा उभा, अरुंद खड्डा पडतो आणि त्याच्या तीन बाजूंना हाडाच्या भिंती शाबूत असतात. दुसऱ्या तऱ्हेत सगळ्या दातांभोवतीची हाडाची पातळी सारखीच खाली जाते, उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं तशी. पहिल्या तऱ्हेत हाड परत आणता येतं, आणि चांगलं आणता येतं. दुसऱ्या तऱ्हेत पावडर कितीही महागाची असो, तिला बसायला जागाच नसते. सपाट माळावर पाणी साठवायला जाण्यातला प्रकार. खालच्या दाढांना आणखी एक जागा असते, दोन मुळांमधली बेचकी. बेचकीतलं हाड एकाच बाजूने गेलं असेल तर आशा असते. आरपार गेलं असेल, म्हणजे गालाकडून घातलेली सळी जिभेकडून बाहेर येत असेल, तर मी ग्राफ्टचं, म्हणजे हाडाची पावडर भरण्याचं, नाव काढत नाही.

आता कुणी म्हणेल, आजार साफ केला की हाड आपणहून का भरून येत नाही? हाताचं मोडलेलं हाड तर येतं की. त्याचं उत्तर १९७६ साली मेल्चर या संशोधकाने मांडलं. हिरडी उघडून मूळ स्वच्छ केलं की त्या रिकाम्या जागेवर चार प्रकारच्या पेशी धाव घेतात: हिरडीची वरची त्वचा, तिच्याखालचा मांसल भाग, हाड, आणि मुळाला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू. जी पेशी आधी पोचते ती जागा बळकावते. त्वचेच्या पेशी दिवसाला अर्धा मिलिमीटरच्या आसपास सरकतात, बाकीच्या मागे राहतात. त्यामुळे जखम भरते, पण त्वचा मुळाला चिकटून आत उतरते आणि दात पूर्वीसारखा बांधला जात नाही. जखम भरणं आणि अवयव पूर्ववत होणं यातला फरक तो हाच.

यावर स्वीडनच्या स्टुरे न्यूमन यांनी १९८२ साली केलेला उपाय इतका साधा होता की मला आजही मजा वाटते. त्यांनी प्रयोगशाळेतला गाळणीचा पातळ पापुद्रा घेतला, एका रुग्णाची हिरडी आणि दाताचं मूळ यांच्या मध्ये ठेवला आणि टाके घातले. त्वचेची वाट अडली, मागून येणाऱ्या तंतूंच्या पेशींना वेळ मिळाला. त्या माणसाच्या दाताभोवती नवे तंतू तयार झालेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. तुमच्या दंतवैद्यांनी सांगितलेला ‘पडदा’ तो हाच. पुढे गोरटेक्स या न विरघळणाऱ्या पदार्थाचे पडदे आले, ते पुन्हा हिरडी उघडून काढावे लागत. आता बहुतेक कोलॅजनचे असतात, काही आठवड्यांपासून काही महिन्यांत विरघळून जातात.

मग पावडर कशासाठी? पडदा खड्ड्यात ढासळू नये आणि रक्ताची गुठळी जागेवर राहावी म्हणून. घराचा स्लॅब टाकताना सेंट्रिंग लावतात ना, तसं. सेंट्रिंग म्हणजे स्लॅब नव्हे. काँक्रीट धरेपर्यंत ते टिकलं पाहिजे आणि नंतर निघालंही पाहिजे. पावडरही तशीच. खरं हाड आजूबाजूच्या जिवंत हाडातून आलेल्या पेशी तयार करतात. म्हणून ‘आम्ही हाड भरतो’ हे वाक्य मला खटकतं. आम्ही जागा धरून ठेवतो, भरायचं काम शरीराचं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं एका चुकीतून. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी एका शिक्षकांच्या पुढच्या दातांभोवती, जिथे हाड सपाट उतरलेलं होतं तिथे, मी मोठ्या उत्साहाने ग्राफ्ट भरलं. सहा महिन्यांनी एक्सरे काढला तर सगळं पांढरंशुभ्र, भरलेलं. मी तो एक्सरे चार मित्रांना दाखवला. दीड वर्षाने हिरडी पुन्हा सुजली, उघडून पाहिलं, तर ते दाणे जसेच्या तसे, मऊ मांसात रुतलेले, चमच्याने खरवडले की बाहेर येत होते. हाड कुठेच नव्हतं. एक्सरेला कॅल्शियम दिसतं, ते जिवंत हाडातलं की बाटलीतलं हे त्याला कळत नाही. तेव्हापासून कुणी मला फक्त आधीचा आणि नंतरचा एक्सरे शेजारीशेजारी दाखवून यश सांगू लागलं की मी विचारतो, पट्टीने मोजल्यावर दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीची खोली किती कमी झाली? दात हलायचा थांबला का?

पावडर कशाची, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारा. माझ्याकडे एक माळकरी आजोबा आले होते. सगळं समजावून झालं, सहीसाठी कागद पुढे केला, तर म्हणाले, “डॉक्टर, हे हाड कुणाचं?” तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी एक पावडर गाईच्या हाडापासून बनते. तापवून, प्रक्रिया करून त्यातलं सेंद्रिय सगळं काढून टाकतात, उरतो तो फक्त खनिजाचा सांगाडा. कोलॅजनचे पुष्कळ पडदे डुकराच्या किंवा गाईच्या कातडीतून अथवा अन्य ऊतींतून येतात. दाताच्या मुळावर लावायची एक जेल डुकराच्या कोवळ्या दातांतल्या प्रथिनांपासून काढतात. आजोबांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि नुसती मान हलवली. आम्ही त्यांना पूर्ण कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे वापरले, जोडीला त्यांच्याच जबड्यातून खरवडलेलं थोडं हाड. काम छान झालं. त्या दिवसापासून माझ्या संमतिपत्रात वस्तूचा उगम मराठीत लिहिलेला असतो. जैन, मुस्लिम, माळकरी, कुणीही असो, हे ऑपरेशनच्या आधी कळणं हा त्यांचा हक्क आहे. टेबलावर झोपल्यावर कळून उपयोग नाही.

माणसाच्या दान केलेल्या हाडाची पावडरही मिळते, आणि तिची एक गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून चालते. दान केलेलं हाड आणि बाळंतपणानंतर मिळणारी गर्भवेष्टनाची पातळ त्वचा तिथे स्वच्छ करून, शुष्क करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवली जाते. देशातल्या दंतमहाविद्यालयांत शिकलेल्या माझ्यासारख्या कित्येकांनी पहिलं ग्राफ्ट भरलं ते या बँकेच्या छोट्या बाटलीतलं. विदेशी पावडरच्या तुलनेत ती स्वस्त पडायची म्हणूनच आम्हाला हात बसवता आला. यातल्या एका प्रकारात हाडातलं कॅल्शियम आम्लाने काढून टाकलेलं असतं. उलटं वाटेल, पण त्यामागे मार्शल युरिस्ट यांचं १९६५ सालचं काम आहे. कॅल्शियम काढलेलं हाड त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं आणि चक्क स्नायूत नवं हाड तयार झालं. कॅल्शियमखाली दडलेली काही प्रथिनं आजूबाजूच्या पेशींना ‘हाड व्हा’ असा हुकूम देतात. मात्र दात्याचं वय, प्रक्रिया यांनुसार प्रत्येक बाटलीची ताकद सारखी नसते, हे नंतरच्या तपासण्यांत दिसलं.

त्यातलं एक प्रथिन पुढे प्रयोगशाळेत तयार करता आलं. अमेरिकेत २००२ साली मणक्याच्या एका शस्त्रक्रियेसाठी आणि २००७ साली जबड्यातल्या काही कामांसाठी परवानगी मिळाली. मधल्या काळात काही शल्यचिकित्सकांनी ते मानेच्या मणक्यातही वापरलं, तिथे गळा सुजून श्वास अडण्यापर्यंत प्रकरणं गेली आणि २००८ साली तिथल्या औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला. तुमच्या आईंच्या दाढेला याची गरज नाही. सांगितलं एवढ्यासाठी की ‘वाढीचं प्रथिन’ हे शब्द ऐकले की आपण फक्त फायद्याचा विचार करतो.

आता रक्ताची जेली. हिला आमच्याकडे पीआरएफ म्हणतात. फ्रान्सचे जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली मांडलेली ही पद्धत आहे. दंडातून दहा मिलिलीटरच्या दोन-चार नळ्या रक्त घ्यायचं, त्यात गोठू न देणारं कुठलंही रसायन घालायचं नाही, आणि लगेच, खरोखर लगेच, यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवायचं. तांबड्या पेशी तळाशी जातात, वर पिवळट पाणी राहतं आणि मध्ये पिवळी लवचीक जेली तयार होते. तिच्यात अडकलेल्या प्लेटलेट्समधून आठवडाभर किंवा थोडं जास्त वाढीची द्रव्यं झिरपत राहतात. स्वतःचंच रक्त, त्यामुळे ना ॲलर्जीची भीती ना माळेचा प्रश्न. दात काढल्यावरच्या जखमेला, हिरडीच्या जखमेला ती फार छान काम करते, दुखणं कमी होतं. उभ्या खड्ड्यात नुसत्या सफाईपेक्षा तिने जास्त फायदा होतो. पण ती दोन आठवड्यांत विरघळते, म्हणून एकट्या जेलीने मोठा खड्डा धरून ठेवला जात नाही. मी ती सगळ्यांना वापरत नाही. आणि एक बारीक गोष्ट: रक्त काढून नळी टेबलावर ठेवून डॉक्टर फोनवर बोलत राहिले तर यंत्रात घालण्यापूर्वीच रक्त गोठतं. मग जी निघते ती जेली नसते, नुसती गुठळी असते.

इम्प्लांटबद्दल. मी स्वतः इम्प्लांट लावतो, त्यामुळे मला त्याचं वावडं नाही. उलट त्याचा इतिहास मला फार प्रिय आहे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा स्वीडिश माणूस १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवून रक्तप्रवाह पाहत होता. प्रयोग संपला, डबी काढायला गेला, निघेना. हाड धातूला धरून बसलं होतं. १९६५ साली त्याने यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट लावले. लार्सन २००६ साली गेले तेव्हाही ते चालू होते. पण जगाने ही गोष्ट मान्य केली ती १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर, म्हणजे पहिल्या रुग्णानंतर सतरा वर्षांनी. मधली सगळी वर्षं तो रुग्ण मोजत होता, बिघाड लिहून ठेवत होता, टोमणे खात होता.

त्याच देशात २०११ साली उलटं घडलं. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात पाओलो माकियारिनी यांनी प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्या स्टेम सेल पेरून ती माणसात बसवली. जगभर वाहवा झाली. नळीला स्वतःचा रक्तपुरवठा नव्हता. स्वीडनमध्ये ती बसवलेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले, आणि २०२३ साली अपील न्यायालयाने माकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली. रक्त जिथे पोचत नाही तिथे पेशी कितीही पेरा, उगवत नाहीत. वाफसा नसताना केलेली पेरणी ती.

तर इम्प्लांट लगेच का नको? कारण ज्या तोंडात हिरड्यांच्या आजाराने दाढ गेली, त्याच तोंडात, त्याच जंतूंमध्ये इम्प्लांट उभा राहणार. त्याच्याभोवतीचं हाडही झिजतं, आणि ते थांबवणं दातापेक्षा अवघड जातं. शिवाय दाढ काढली की तिथल्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणजे काढण्यात परतीची वाट नाही. इटलीत फ्लोरेन्सचे पिएरपाओलो कोर्तेलिनी आणि सहकाऱ्यांनी ५० रुग्ण घेतले, ज्यांचा एक दात हाड पार मुळाच्या टोकापर्यंत गेल्याने ‘काढण्यालायक’ ठरला होता. २५ जणांचे दात काढून पर्याय दिला, २५ जणांवर हाड परत आणायची शस्त्रक्रिया केली. पाच वर्षांनी त्या २५ पैकी २३ दात तोंडात होते. रुग्ण निवडून घेतलेले, हात सरावलेले, तपासणीला नियमित येणारे, हे खरं. तरी माझा स्वभाव त्यांच्या बाजूचा आहे. तुमच्या आईंची एखादी दाढ वरखाली दाबली जात असेल, किंवा तिची बेचकी आरपार मोकळी होऊन मुळांना धरच उरला नसेल, तर मात्र तिच्यावर पैसे आणि आशा खर्च करू नका.

जपानचं औषध. भावाने वाचलेली बातमी खरी आहे, अर्थ चुकीचा लावलाय. कात्सू ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी असं दाखवलं की यूसॅग-१ नावाचं एक प्रथिन दाताच्या कळीला वाढू देत नाही. ते अडवणारं प्रतिपिंड दिल्यावर उंदीर आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) यांच्यात जास्तीचा दात उगवला. फेरेट मुद्दाम घेतला, कारण त्याला आपल्यासारखे दुधाचे आणि कायमचे असे दोन संच येतात. २०२४ च्या शरद ऋतूत क्योतोमध्ये निदान एक दाढ किंवा दात नसलेल्या, ३० ते ६४ वयाच्या ३० पुरुषांवर चाचणी सुरू झाली, ती मुख्यतः औषध सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी. पुढचं लक्ष्य आहे ती जन्मतः दात नसलेली मुलं, आणि २०३० पर्यंत औषध यावं अशी त्यांची इच्छा. आईंची अडचण दाताची नाहीच, दात शाबूत आहे, त्याखालची जमीन खचली आहे. उद्या नवा दात उगवला तरी तो उभा कशात राहणार?

दुधाच्या दातांचं. २००० साली दाताच्या गाभ्यात आणि २००३ साली दुधाच्या दातांत स्टेम सेल सापडल्या, यात खोटं काही नाही. २०१८ साली चीनमध्ये मार लागून मेलेल्या पुढच्या दातांत मुलांच्याच दुधाच्या दातातल्या पेशी घालून आतला गाभा काही प्रमाणात जिवंत करता आला, ही मोठीच मजल. पण तो प्रयोग होता, दुकानात मिळणारा उपचार नाही. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतल्या रक्ताखेरीज इतर गोष्टींच्या व्यापारी बँकिंगला परवानगी दिलेली नाही, दातही त्यातच येतात. मुलीचा दात डबीत ठेवा, आठवण म्हणून. पैसे तिच्या दाढांच्या खाचा बुजवण्यावर खर्च करा.

शरीराचा गेलेला भाग परत आणायच्या या क्षेत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र दातांची नाही, डोळ्यांची आहे. तंबाखूची चुन्याची पुडी लहान मुलाच्या हातात फुटते आणि चुना डोळ्यात जातो. बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशी जळतात, डोळा पांढरा पडतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे, जळलेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पडदा अंथरून त्यावर ते कण चिकटवायचे. युरोपात याच कामासाठी पेशी प्रयोगशाळेत आठवडे वाढवतात आणि खर्च अफाट येतो. इथे प्रयोगशाळा म्हणजे रुग्णाचाच डोळा.

आता आईंचं प्रत्यक्ष काम. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, तपासा. ७ च्या आसपास आणेपर्यंत मी हिरडी उघडत नाही, घाईही नसते. मशेरी लावतात का ते त्यांना एकटीला विचारा, सुनेसमोर बायका ‘नाही’ म्हणतात. लावत असतील तर आधी ती सुटली पाहिजे. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आवळला जातो, मग पावडर, पडदा, जेली सगळं वाया. त्यानंतर खोल सफाई, दातांच्या फटींत घालायचा छोटा ब्रश रोज, आणि सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजणी. माझ्या पाहण्यात कितीतरी दाढा एवढ्यावरच हलायच्या थांबतात आणि ऑपरेशन टळतं. तरीही ६ मिलिमीटर किंवा जास्त खोली उरली आणि एक्सरेत निदान ३ मिलिमीटरचा उभा खड्डा दिसला, तर पहिल्या दंतवैद्यांकडे जा आणि त्यांना हे विचारा: भिंती किती शिल्लक आहेत, बेचकी आरपार आहे का, वस्तू कशाची आहे, आणि एक वर्षाने यश तुम्ही कशावरून ठरवणार.

दोन्ही दाढांचे एक्सरे आणि सफाईनंतरची मोजणी, प्रत्येक दाढेभोवती सहा जागी मोजलेल्या खोलीचे आकडे, लिहून पाठवा. मग नेमकं सांगता येईल.